मानधनावरची बाई

अंगणवाडीतल्या टांगत्या काट्याच्या झोळीत पोर बसवलं की बाई आधी काट्याकडे बघायच्याच नाहीत. आधी पोराच्या आईकडे बघायच्या, मग काट्याकडे. काटा काहीही दाखवू दे, आईला म्हणायच्या, “भरेल. अजून जागा आहे.”

वजन कमी, कुपोषित, लाल पट्ट्यातलं पोर हे शब्द त्या रजिस्टरात लिहायच्या, तोंडाने कधी उच्चारायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, “बाई, स्पष्ट का सांगत नाही?” त्या म्हणाल्या, “सिस्टर, तिला घरी जाऊन आज काय शिजवायचं हे ठरवायचंय. रडत बसली तर कधी शिजवेल?”

अशी एक बाई तुमच्याही घराच्या मागच्या वस्तीत असणार. खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टरांचा गठ्ठा, मागे चार पोरं. आपण तिला रोज बघतो आणि पुढे जातो. मीही गेले असते, पण माझ्या नोकरीचा रस्ताच त्यांच्या दारातून होता.

मी पालिकेच्या आरोग्य केंद्रात नर्स. घाटकोपर पश्चिमेचा डोंगर माझ्या वाट्याला आला तेव्हा मी नवी होते. लसीचा डबा घेऊन पहिल्यांदा वर चढले, ती तीनदा घसरत. अंगणवाडीच्या दारात पोचले तर या बाई माझ्या पायांकडे बघत उभ्या. म्हणाल्या, “सिस्टर, उद्यापासून या चपला खाली दुकानात ठेवून या. आमच्या डोंगराला टाच आवडत नाही.” मग आतून स्वतःच्या रबरी चपला आणून माझ्यापुढे ठेवल्या. मी त्या दिवशी त्यांच्या चपला घालून सगळ्या गल्ल्या फिरले आणि त्या अनवाणी.

परभणीकडच्या होत्या. दहावी पास होऊन लग्न झालं आणि मुंबईत आल्या. नवरा इथल्या दगडाच्या खाणीत होता. खाणी बंद झाल्या, पण धूळ त्याच्या छातीत राहिली ती राहिलीच. पुढे तो घरीच असायचा. एक मुलगी, तिला परभणीलाच दिलेली. घर चालायचं ते या बाईंवर, आणि बाईंची अंगणवाडी चालायची ती दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत. भाडं सरकारकडून यायचं, पण सहा सहा महिन्यांनी. तोवर घरमालक दारात येऊन उभा राहिला की बाई त्याच्या नातवाला कडेवर घेऊन बाहेर यायच्या. “बघा, किती गोड कविता म्हणतो! म्हण रे!” पोर कविता म्हणायचं. संपेपर्यंत घरमालकाचा राग अर्धा झालेला असायचा.

एक आई लस टोचू देत नव्हती. तिच्या थोरल्याला लशीनंतर ताप आला होता आणि सासूने घर डोक्यावर घेतलं होतं. मी आपलं पुस्तकातलं सगळं समजावलं. दार लागलं. बाई म्हणाल्या, “तुम्ही पुढची घरं करा.” तासाभराने परत आले, तर बाई त्याच घराच्या उंबऱ्यावर बसून त्या घरचे तांदूळ निवडत होत्या. सासू शेजारी. आई पोराला घेऊन तयार. “काय बोललात हो तुम्ही?” मी नंतर विचारलं. “काही नाही. म्हटलं पाय दुखतायत, जरा बसते. मग त्याच बोलल्या. ताप आला तर रात्री मी येऊन बसेन असं म्हटलं.” रात्री खरंच ताप आला आणि बाई खरंच जाऊन बसल्या.

असंच एकदा वरच्या ऑफिसातून साहेब तपासणीला आले. पट मोजला, दोन पोरं कमी. “कुठे आहेत?” बाई म्हणाल्या, “झोपलीत साहेब, घरी. उठवून आणते. पण मग परत झोपवायचं काम तुमचं.” साहेब हसले. मदतनीस बाईंनी घाबरून डोळे मिटून घेतले होते.

मी त्यांना एकदा सहज म्हटलं, “पगार झाला का हो बाई?”

“पगार तुमचा. आमचं मानधन.”

“तेच ते.”

“तेच ते कसं? तुम्ही नोकर आहात. मी आवड म्हणून येते इथे.” हे सांगताना त्या चौदा रजिस्टरांतल्या नवव्यात आकडे भरत होत्या. चेहरा अगदी सरळ. हसू यायचं ते फक्त डाव्या गालात.

मी तेव्हा हसले. पुढे वर्षं गेली तसतसं त्यातलं हसू कमी होत गेलं. आम्ही दोघी त्याच गल्लीत, त्याच पोरांसाठी, त्याच उन्हात फिरायचो. पोरगं जन्मलं की मी टोचायचे, त्या मोजायच्या. गरोदर बाईचं नाव आधी त्यांच्या वहीत यायचं, मग माझ्या. खरं तर त्यांनी दार उघडून दिलं म्हणून माझं काम व्हायचं. पण माझ्या कामाला श्रेणी होती, दरवर्षीची वाढ होती, रजा होती, पुढे पेन्शन होती. त्यांच्या कामाला नाव होतं, मानसेवी.

त्यांच्या वाढीची बातमी पेपरात यायची. सेविकांच्या मानधनात वाढ, असा मोठा मथळा. त्या दिवशी वस्तीतली माणसं थांबवून थांबवून त्यांना सांगायची, “बाई, पार्टी पाहिजे हां! झकास वाढलं तुमचं!” बाई म्हणायच्या, “पेपरात वाढलंय. पिशवीत यायला वेळ आहे.” आणि वेळ लागायचाच. तोवर किराणावाला तेवढाच वाढलेला असायचा.

मग त्यांचा संप झाला. राज्यभर सेविका बाहेर पडल्या. आमचे लसीचे दिवस अंगणवाडीतच असायचे आणि अंगणवाड्यांना कुलपं. मला वरून सांगितलं, काहीही करून सत्र झालं पाहिजे. मी खाली नाक्यावरून त्यांना फोन केला. संकोच वाटत होता. म्हटलं, “बाई, गुरुवारचं काय करू?”

गुरुवारी त्या आल्या. कुलूप त्यांनीच उघडलं, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि स्वतः बाहेर पायरीवर बसल्या. आत पाऊल टाकलं नाही. “संप माझा आहे सिस्टर. पोरांच्या सुयांचा नाही. पण मी आत आले तर काम केलं असं होईल.”

आत माझी तारांबळ. कुठलं पोर कुणाचं, कुणाला कितवा डोस, मला काही कळेना. तेव्हा बाहेरून, पायरीवरूनच, माझ्याकडे पाठ करून त्या सांगायला लागल्या. “ही निळ्या झबल्यातली, हिला दीड महिन्याची राहिलीय. तो रडका, त्याची आई दुपारी कामाला जाते, आधी त्याला घ्या.” रजिस्टर बंद, आणि सगळं रजिस्टर त्यांच्या तोंडात. एकवीस पोरं झाली. मी बाहेर येऊन त्यांना किल्ली दिली. त्या उठल्या, साडी झटकली. म्हणाल्या, “उद्या आझाद मैदानात आहोत आम्ही सगळ्या. लांबून लांबून बायका आल्यात, पोरं घेऊन. या ना तुम्ही पण. नर्सची साडी बघितली तर बरं वाटेल बायकांना.”

मी म्हटलं, “बघते. रजा मिळाली तर.”

रजा माझ्या खात्यात साठली होती. मी मागितलीच नाही. आमची युनियन वेगळी, आपण दुसऱ्यांच्या भानगडीत कशाला, असं केंद्रातल्या एकीने म्हटलं आणि मला ते पटलं. खरं म्हणजे मला पटवून घ्यायचंच होतं. बाईंनी नंतर कधी विचारलं नाही, का आला नाहीत म्हणून.

संप मिटला. थोडी वाढ मिळाली, बाकीच्याला आश्वासन. संपाच्या दिवसांचं मानधन बरेच महिने अडकून राहिलं. त्या दिवसांत बाई दुपारचा डबा आणायच्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, “पोरांची खिचडी चाखावी लागते ना, त्यातच भरतं पोट.” चाखायचा चमचा केवढा असतो हे मला माहीत होतं. मी दोन चपात्या जास्त आणायला लागले.

पुढे आमचा सातवा आयोग लागू झाला. फरक हातात आला त्या दिवशी मला खाली स्टेशनबाहेर पेढे दिसले. अर्धा किलो घेतले, केंद्रात वाटले आणि उरलेले घेऊन नेहमीसारखी डोंगर चढून गेले. बाईंच्या हातावर पेढा ठेवला तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं की मी काय करतेय.

“कशाचे?”

“फरक मिळाला.”

“फरक म्हणजे काय हो?”

“म्हणजे वाढ मागच्या तारखेपासून धरतात. मागच्या वर्षांची राहिलेली एकदम मिळते.”

बाईंनी पेढ्याचे तुकडे केले, बारीक बारीक. समोर बसलेल्या पोरांच्या तळहातांवर एकेक ठेवत गेल्या. “म्हणजे झालेल्या कामाची वाढ पण मागून मिळते?”

“हो.”

“आमच्यात पुढची पण मिळत नाही, म्हणून विचारलं.” मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाल्या, “अहो, खाली काय बघताय! तुमच्या कष्टाचं आहे. छान झालं. मुलीच्या शिक्षणाला होईल.” शेवटचा तुकडा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. “गोड आहे,” म्हणाल्या. मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “तू कशाला वाईट वाटून घेतेस? तू काय त्यांचं काढून घेतलंस?” बरोबरच होतं त्याचं. पण डोळ्यांपुढून ते तुकडे करणारे हात जाईनात.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात आमच्याकडे जुन्या पेन्शनसाठी आंदोलन झालं. मी जुनी, मला जुनी पेन्शन होतीच. पण माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरींना नव्हती. त्या उशिरा लागल्या म्हणून त्यांचं म्हातारपण बाजाराच्या भरवशावर. मला ते चुकीचं वाटत होतं, म्हणून मीही दुपारी वॉर्ड ऑफिसच्या गेटवर घोषणा द्यायला उभी राहिले. आणि पाठीमागून ओळखीचा आवाज आला, “सिस्टर, पाणी घ्या.”

बाई होत्या. डोंगर उतरून, शेअर रिक्षा करून आल्या होत्या. हातात पाण्याच्या दोन बाटल्या आणि कागदात बांधलेलं काहीतरी. तासभर आमच्यात उभ्या राहिल्या. घोषणा आल्या की त्याही हात वर करायच्या. एकच मिशन, जुनी पेन्शन, असं ओरडताना मध्येच मला हळू म्हणाल्या, “जुनी पेन्शन तुमची, नवी पेन्शन या पोरींची. आमची कुठली हो?”

माझ्या शेजारची पोरगी हसली. तिला तो विनोद वाटला. मी हसू शकले नाही, कारण मला आझाद मैदान आठवलं.

आम्ही दोघी एकाच वर्षी बाहेर पडलो. मी अठ्ठावन्नाला, त्या पासष्टाला. मला शाल, श्रीफळ, गटविमा, उपदान, पेन्शनचा आदेश, सगळं नीट पारदर्शक फोल्डरमध्ये मिळालं. त्यांना एक कागद आला. तो घेऊन त्या माझ्याकडे आल्या. वाचता येत नव्हतं असं नाही, सगळ्या ऑफिसचे कागद त्यांनीच वाचले होते आयुष्यभर. पण तो त्यांनी मला वाचायला दिला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

“समाप्त लिहिलंय ना?”

“हो. वयोमानानुसार सेवा समाप्त.”

“तुमच्या कागदावर पण समाप्तच आहे?”

मी कागद त्यांना परत दिला. माझ्या कागदावर सेवानिवृत्त होतं.

“निवृत्त व्हायला आधी नोकरी लागते, नाही का?” त्यांनी कागदाची घडी घातली. त्यांच्या डाव्या गालात हसू शोधलं मी. नव्हतं.

वस्तीतल्या आयांनी मात्र त्यांना असा निरोप दिला की माझ्या फोल्डरने लाजावं. ज्यांना त्यांनी झोळीत तोललं होतं ती पोरं आता रिक्षा चालवत होती, मॉलमध्ये कामाला होती, एक पोरगी वकिलीला होती. सगळ्यांनी वर्गणी काढून त्यांना पैठणी नेसवली. बाई त्या पैठणीत दिवसभर अवघडून बसल्या आणि संध्याकाळी म्हणाल्या, “ही नेसून खिचडी वाढता येत नाही हो.”

सरकारची एकरकमी रक्कम यायची होती. ती यायला वर्ष गेलं. आली तेव्हा त्यांच्या यजमानांना दवाखान्यात ठेवलेलं, ती तिथेच संपली.

त्याच सुमारास त्या मला पूर्वेला भाजीबाजारात भेटल्या. मी नातवासाठी भोपळा बघत होते. माझ्या लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि माझ्या कंबरेने साथ सोडली होती, म्हणून आम्ही बाळाला सांभाळायला कुणी मिळतंय का बघत होतो. हे मी सहज सांगितलं. बाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

“मला ठेवा ना.”

“तुम्हाला? तुम्हाला कसं ठेवू बाई?”

“का? मला पोरं सांभाळता येत नाहीत?”

मी लाजेने मान खाली घातली. त्यांनी सरळ बघितलं. म्हणाल्या, “लाज कामाची नसते सिस्टर. घरी औषधं आहेत. दुसरीकडे गेले तर कुणाकडे तरी जाणारच ना?”

“काय देऊ?” मी विचारलं.

“तुम्हाला योग्य वाटेल ते.”

मी आमच्या बिल्डिंगमध्ये चौकशी केली. इतर घरी काय देतात ते विचारलं, त्यावर थोडे चढवले आणि मला मी फार मोठ्या मनाची वाटले.

दोन वर्षं त्या आमच्याकडे आल्या. सकाळी नऊच्या ठोक्याला. आमच्या घरी त्यांचा चहा वेगळ्या कपात नसायचा, जेवण आमच्याबरोबर. हे सगळं मी माझ्या बाजूने सांगतेय, कारण पुढचं माझ्या बाजूचं नाही. नातू त्यांच्या हाती असा वाढला की काय सांगू! बोलायला लागला तोही त्यांच्यासारखं, “लेकरू” म्हणायचा स्वतःला. माझ्या मालवणी आईने ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता.

माझ्या पेन्शनवर महागाई भत्ता वाढतो. वर्षातून दोनदा मोबाइलवर मेसेज येतो. एकदा असाच आला तेव्हा बाई बाळाला मांडीवर घेऊन तेल चोळत होत्या. मला हसताना बघून म्हणाल्या, “चांगली बातमी?”

“काही नाही, भत्ता वाढला.”

“चांगलं झालं. महागाई कुठे थांबतेय?” आणि त्या बाळाचे पाय चोळत राहिल्या.

त्या दोन वर्षांत माझा भत्ता चार वेळा वाढला. बाईंचे पैसे पहिल्या दिवशी ठरले तेवढेच होते. लेक एकदा म्हणाली, “आई, मावशींचे वाढवायला हवेत गं.” मी म्हटलं, “वाढवू. दिवाळी होऊ दे.” दिवाळीला साडी दिली. मग म्हटलं, नवीन वर्षापासून. मला द्यायचे नव्हते असं अजिबात नाही. त्यांनी मागितलं नाही आणि मला घाई वाटली नाही. एवढंच. तुम्हाला हे फार किरकोळ वाटेल. मलाही वाटत होतं.

मग एका सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. “सिस्टर, आज उद्या येत नाही. अंगात कणकण आहे. बाळाला सर्दी आहे, केस धुवू नका.” त्यांनी दोन वर्षांत मागितलेली ती पहिली सुट्टी. बुधवारी दुपारी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. डेंग्यू होता. साखर होती, ती त्यांनी कुणाला सांगितलीच नव्हती. सरकारी दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचा ताप हाताने ओळखणाऱ्या बाईने स्वतःचा ताप अंगावर काढला.

मी पोचले तेव्हा त्यांना शेवटचं खाली आणत होते. डोंगराच्या गल्ल्या एवढ्या अरुंद की चौघांना खांदा देता येत नाही. वरून खालपर्यंत दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर पोरं उभी होती, मोठी झालेली पोरं, आणि हातांवर हात करत बाईंना खाली देत होती. बुद्धवंदना चालली होती. माझ्या शेजारी उभी असलेली नवी सेविका रडत रडत सांगत होती, “मॅडम, मला चौदा रजिस्टरं त्यांनीच शिकवली. मी आज केंद्र बंद ठेवलंय, कुणी काही म्हणू दे.”

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी एकदा त्यांच्या घरी गेले. पर्समध्ये त्या महिन्याचे पैसे होते, पूर्ण महिन्याचे. यजमान पलंगावर बसले होते, उशीला टेकून. छातीतून शिट्टीसारखा आवाज. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली बाईंचा फोटो, पैठणीतला, अवघडलेला. शेजारीण चहा ठेवून गेली. मी पेला उचलला, तेवढ्यात तेच म्हणाले, “सिस्टर, तुम्ही खात्यातल्या, तुम्हाला विचारतो. हिची पेन्शन आता मला लागेल ना?”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“कुठली पेन्शन?”

“हिची, दुसरी कुठली? रिटायर झाल्यावर वर्षाने सुरू झाली, तेव्हापासून दर पहिल्या तारखेला माझ्या हातात आणून ठेवायची. ‘घ्या, सरकारनं पाठवलीय’ म्हणायची.” धाप लागली म्हणून ते थांबले. “मला फार बरं वाटायचं बघा. मी खाण सुटल्यापासून हिच्या जिवावर. पण म्हातारपणी तरी ही घरी पैसे मोजत बसेल, हे बरं वाटायचं.”

“आणि त्या रोज सकाळी कुठं जायच्या?”

“नव्या पोरीला शिकवायला. ऑफिसानं सांगितलं होतं म्हणे, बाई तुमच्यासारखं कुणाला येत नाही, थोडे दिवस या.” ते हसले. “मी म्हणायचो, फुकट कशाला राबतेस आता? पेन्शन आहे ना तुला!”

चहाचा पेला मी तसाच हातात धरून बसले. शेजारणींना ठाऊक होतं, सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, आणि कुणी या माणसाला सांगितलं नव्हतं.

“एक गोष्ट मात्र मला खटकायची,” ते म्हणाले. “दोन वर्षं एकच आकडा. मी हिला म्हणायचो, अगं, सिस्टरांची बघ कशी वाढते, तुझीच का नाही वाढत? कसलं हे सरकार! तर मलाच गप्प करायची. म्हणायची, त्यांना नावं ठेवू नका. मनानं चांगले आहेत. कधीतरी त्यांच्या लक्षात येईल.”

ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. आयुष्यात कितीतरी अर्ज मी लोकांना भरून दिलेत, कुठल्या नियमात काय बसतं आणि काय बसत नाही हे मला तोंडपाठ. हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. जे त्या बाईंना सरकारकडून मिळायला हवं होतं ते माझ्या पर्समधून देऊन फिटणार नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं, आताही कळतंय.

“लागेल,” मी म्हटलं.

“अर्धी ना? मागे राहिलेल्याला अर्धी देतात म्हणे.”

“नाही. पूर्ण.” मी पर्समधलं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. “या महिन्याची आणलीय. पुढच्या महिन्यापासून वाढ धरून येईल. मी घेऊन येईन.”

त्यांनी पाकीट कपाळाला लावलं. उघडून बघितलं नाही. मग भिंतीवरच्या फोटोकडे मान वळवली आणि शेजारच्या खोलीत काम करणाऱ्या बायकोला सांगावं तसं जरा मोठ्याने म्हणाले, “ऐकलंस का गं? वाढ झाली.”